फुकटच्या सॉफ्टवेअरला सांभाळणारं कोण?

बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीच्या जांभूळ इथल्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली करत थेट ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यापर्यंत जातं. जांभूळला दुरुस्ती निघाली की कुठल्या गावचे नळ कोरडे पडणार, हे इथल्या माणसाला पाठ असतं. त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात, महापे, रबाळे, ऐरोलीला, गेल्या काही वर्षांत एकामागून एक डेटा सेंटरं उभी राहिली. पनवेलला आणखी मोठी झाली. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे आणि मुंबईत आपली क्लाउड केंद्रं उघडली, ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत, गूगलने 2017 मध्ये. थोडक्यात, अंबरनाथच्या कारखानदाराचा किंवा बदलापूरच्या शाळेचा डेटा ठेवायला आता अमेरिकेची वाट धरावी लागत नाही. जांभूळचं पाणी जिथवर पोचतं तेवढ्याच टापूत त्याची सोय होते. महिन्याला हजारभर रुपयांत एक लहानसा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा आपल्यापुरता एक हिस्सा, भाड्याने मिळतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला विचारून उत्तर यायला दोनशे मिलिसेकंद लागत असतील, तर इथे दहाच्या आत काम होतं.

म्हणजे जागेचा प्रश्न सुटला. सॉफ्टवेअरचाही तसा सुटलेलाच आहे. शाळेसाठी मूडल आहे, ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामस यांनी सुरू केलेलं, 2002 पासूनचं. वाचनालयासाठी कोहा आहे, जानेवारी 2000 मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयात पहिल्यांदा चालू झालेलं. कार्यालयीन कामाला लिबरऑफिस, फायली ठेवायला जर्मनीतलं नेक्स्टक्लाउड, संकेतस्थळाला वर्डप्रेस, कामांची नोंद ठेवायला रेडमाइन. परवाना शुल्क शून्य. तरीही उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या तीन शहरांत फिरून बघा. दुकानात टॅली, शाळेत कुठून तरी ‘टाकून घेतलेलं’ विंडोज आणि वाचनालयात जाड रजिस्टर, हेच चित्र जास्त दिसेल. फुकट मिळणारी, परदेशी का होईना पण उत्तम सॉफ्टवेअरं इथे का रुजत नाहीत, हा या आढाव्याचा विषय.

सर्वसाधारण उत्तर असं मिळतं की ती मराठीत नाहीत. हे उत्तर अर्धवट आहे.

मराठीकरणाचं काम या राज्यात चांगलं पंचवीस वर्षं जुनं आहे. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेने 2000 च्या सुमारास ‘इंडिक्स’ नावाने लिनक्सच्या पोटातच भारतीय लिप्यांची सोय करायला घेतली; ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. मुंबईतल्या काही मंडळींनी ‘इंडलिनक्स’ चालवलं. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या भाषा विभागात मराठीसह अनेक भारतीय भाषांवर पगारी माणसं काम करत होती. ‘लोहित’ हे खुले फॉन्ट 2004 मध्ये तिथून आले आणि आजही कित्येक लिनक्समध्ये मराठी त्यांच्यामुळेच दिसतं. फायरफॉक्स, ग्नोम, केडीई, लिबरऑफिस या सगळ्यांच्या मराठी आवृत्त्या निघाल्या. केंद्र सरकारच्या भाषातंत्रज्ञान कार्यक्रमातून मराठी फॉन्ट आणि सॉफ्टवेअरची सीडीही वाटली गेली होती. ज्यांनी ती मागवली त्यांच्या कपाटात ती अजून असेल.

तेव्हा मराठीत नाही असं नाही. मराठीत होतं, आणि मग मागे पडत गेलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, तिच्यात शेकडो नवी वाक्यं असतात आणि भाषांतर करणारा स्वयंसेवक एव्हाना नोकरीला लागलेला असतो. मग पडद्यावर वरचा मेनू मराठी, आतली खिडकी इंग्रजी आणि चूक दाखवणारा संदेश धेडगुजरी, असा प्रकार होतो. वापरणारा दोन दिवसांत वैतागून भाषा इंग्रजी करून टाकतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. अर्धं मराठी हे पूर्ण इंग्रजीपेक्षा वापरायला अवघड असतं.

याउलट ज्याला शिकवणारा मिळाला ते सॉफ्टवेअर रुजलं. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 मध्ये स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटीने गल्लोगल्ली संगणक केंद्रं उघडली. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागतं म्हणून लाखो लोक तिथे गेले. अभ्यासक्रमाचा मोठा भाग विंडोज आणि ऑफिस. पडदा इंग्रजी होता, पण शेजारी उभं राहून मराठीत सांगणारे सर किंवा मॅडम होत्या. महाराष्ट्राला वर्ड-एक्सेल लावलं ते त्या सर-मॅडमनी. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळा मराठी मदत विभाग काढावा लागला नाही, ते काम आपणच आपल्या खर्चाने करून दिलं.

खुल्या सॉफ्टवेअरच्या बाजूने असा सर्वांत मोठा प्रयत्न मुंबई आयआयटीचा. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये दहा-दहा मिनिटांचे धडे असतात, पडद्यावरची कृती एकच आणि निवेदन बावीस भाषांत. मराठीतले धडे ऐकण्यासारखे आहेत. आवाज स्पष्ट आणि घाई नाही. पण आरंभीचे लिबरऑफिसचे धडे उबुंटू 10.04 आणि लिबरऑफिस 3.3.4 वर रेकॉर्ड झालेले. पुढे नवे आले, तरी चित्रफितीची अडचण तीच राहते. शिकणाऱ्याच्या पडद्यावर बटण सापडलं नाही तर ती थांबून ‘तुमच्याकडे काय दिसतंय’ असं विचारू शकत नाही.

इथे जपानकडे बघण्यासारखं आहे. मात्सुए हे शिमाने प्रांतातलं, दोन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर होतं, त्यावरून अंदाज यावा. रुबी ही संगणकभाषा निर्माण करणारे युकिहिरो मात्सुमोतो याच गावात राहतात. रेडमाइन हे त्याच भाषेत लिहिलेलं सॉफ्टवेअर, पण त्याचा जनक फ्रेंच: जाँ-फिलिप लांग, 2006. मात्सुएच्या ‘फार एंड टेक्नॉलॉजीज’ या छोट्या कंपनीने ते उचललं, जपानमध्ये सर्व्हरवर बसवलं आणि ‘माय रेडमाइन’ या नावाने दरमहा शुल्क घेऊन जपानीत मदतीसह द्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. ग्राहक पैसे देतो ते रोजच्या बॅकअपचे, वेळेवर होणाऱ्या अपडेटचे आणि जपानीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत मिळणाऱ्या उत्तराचे. त्या कंपनीतली माणसं मूळ रेडमाइनच्या विकासातही हात लावतात. त्यामुळे जपानी अक्षरांनी काही बिघडलं तर दुरुस्ती फ्रान्सकडे मागत बसावी लागत नाही, ती मात्सुएहूनच मूळ सॉफ्टवेअरमध्ये जाते.

यातली गंमत आपल्याला जास्त लागू आहे. जपानी शिकणाऱ्यांचं पुणे हे देशातलं मोठं केंद्र. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात कित्येक वर्षं जपानी शिकवलं जातं. एन-3, एन-2 परीक्षा पास झालेल्या मराठी मुला-मुलींना आयटी कंपन्या ‘ब्रिज इंजिनिअर’ म्हणून घेतात आणि ती जपानी ग्राहकाला त्याच्या भाषेत सॉफ्टवेअरची मदत देतात. बदलापूरहून पुण्याची इंद्रायणी एक्स्प्रेस पकडायला कल्याण गाठणाऱ्या मुलीला कांजीत लिहिलेली तक्रार वाचता येते, कारण त्या तक्रारीमागे बिल भरणारा ग्राहक आहे. मराठीत तक्रार करणारा ग्राहक बिल भरत नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. ग्राहकानेही.

आता जवळून एक काम बघू, म्हणजे ‘मदत’ या शब्दात काय काय येतं ते कळेल. एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात कोहा बसवायचं ठरलं. संगणकावर बसवणं ही एका दुपारची गोष्ट. मग पुस्तकांची यादी येते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी ती मोठ्या कष्टाने टाइप केलेली असते, पण श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये. त्या काळी मराठी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवले जात. फॉन्ट काढला की उरतात नुसत्या अगम्य खुणा. त्या युनिकोडमध्ये आणायला रूपांतरकं आहेत, पण प्रत्येक फॉन्टची तऱ्हा वेगळी. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते. हजारो नोंदी डोळ्याखालून घालाव्या लागतात.

ते झालं की शोध चालत नाही. नाव टाकलं की ‘काही सापडलं नाही’, आणि पुस्तक समोरच्या कपाटात. कारण कोहाच्या आतलं झेब्रा हे शोधयंत्र मुळात रोमन लिपी गृहीत धरून बसवलेलं असतं. देवनागरीसाठी त्याची सूची युनिकोड जाणणाऱ्या आयसीयू पद्धतीने करायची असं एका फाइलमध्ये सांगावं लागतं आणि सगळी सूची नव्याने बांधावी लागते. हे कागदपत्रांत आहे, इंग्रजीत आहे आणि ग्रंथपालाने ते वाचावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. त्यानंतरही एक पाचर राहतेच. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो: एकदा नुक्त्याचा ऱ घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. त्याआधीच्या सवयीने कित्येक जण अजून अ वर चंद्र काढतात. त्यामुळे एकाने नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्याला सापडत नाही. हे सगळं सुटतं, पण ज्याला मराठी लिहिता येतं आणि लिनक्सही कळतं त्यालाच. ऑकलंडमध्ये बसलेला कोहाचा कितीही निष्णात जाणकार असो, त्याच्या पडद्यावर दोन्ही ‘दुसऱ्या’ एकच दिसतात.

कारखान्यांची गोष्ट वेगळी, तिथे भाषेइतकाच कायदा आडवा येतो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या लहान युनिटला किंवा उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या जीन्सवाल्याला मालाचा, जॉबवर्कच्या चलनांचा, उधारीचा हिशेब हवा असतो. बेल्जियमचं ओडू हे सगळं करतं, पण जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून ई-वे बिल, ई-इनव्हॉइस, टीडीएस यांत महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी बदलतं. ते बदल सॉफ्टवेअरात कोण घालणार? या बाबतीत एक सुखद अपवाद आपल्या दारातच आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे खुलं सॉफ्टवेअर इथेच घडलं, जीएसटीची जोडणी त्याला आहे आणि ते परदेशातही वापरलं जातं. बारावी वाणिज्यच्या आयटीच्या मुलांना हिशेबासाठी ‘जीएनयूखाता’ हे खुलं सॉफ्टवेअर अभ्यासाला आलं. पण ती मुलं पास होऊन ज्या सीएकडे कामाला लागतात तिथे टॅलीच असतं, आणि गावातला प्रत्येक सीए टॅलीची फाइल मागतो. या एका वाक्यात टॅलीचं निम्मं यश आहे. उरलेलं निम्मं त्या मुलाचं, जो तीनशे-चारशे रुपये घेऊन स्कूटरवरून येतो आणि बिघडलेला डेटा परत उभा करून देतो.

सर्व्हर ऑफिसातच ठेवावा की भाड्याने घ्यावा, या वादावर इथे फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ज्यांनी 26 जुलै 2005 चा उल्हास आणि वालधुनीचा पूर पाहिला, 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकलेली पाहिली, ते तळमजल्यावर मशिन ठेवणार नाहीत. केमिकल पट्ट्यातल्या हवेत तांब्याचे संपर्क लवकर गंजतात, वीज कधीही जाते. रबाळ्यातल्या रॅकवर ते सुखी राहील. फक्त एक सांगायला हवं. सर्व्हर देशात असला की कायद्याची जबाबदारी संपत नाही, उलट तिथून सुरू होते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे लॉग 180 दिवस जपायचे असतात, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. विद्यार्थ्यांची नावं, जन्मतारखा मूडलमध्ये ठेवणाऱ्या शाळेला ‘आमच्या भाच्याने बसवून दिलंय’ हे उत्तर पुढे देता येणार नाही.

भाच्याचा मुद्दा गमतीचा नाही. आपल्याकडे खुल्या सॉफ्टवेअरची निम्मी उभारणी भाचे, पुतणे आणि माजी विद्यार्थी करतात, आणि ते पुण्याला किंवा परदेशात गेले की अपडेट थांबतात. डिसेंबर 2021 मध्ये लॉग-फोर-जे नावाच्या एका लहानशा जावा घटकात भोक सापडलं आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. ज्यांच्याकडे पगारी माणूस होता त्यांनी आठवड्यात दुरुस्ती केली. बाकीच्यांना आपल्या सर्व्हरवर तो घटक आहे की नाही हेच माहीत नव्हतं.

होस्टिंग विकणाऱ्यांसाठी दुसरीही एक बाजू बदलते आहे. दुसऱ्याने लिहिलेलं खुलं सॉफ्टवेअर मोठ्या क्लाउड कंपन्या भाड्याने देतात आणि मूळ लेखकाला त्यातलं काही मिळत नाही, या रागातून इलास्टिकने 2021 मध्ये, हॅशिकॉर्पने 2023 मध्ये आणि रेडिसने 2024 मध्ये आपले परवाने आवळले. इलास्टिक आणि रेडिस नंतर एजीपीएल हा खुला परवाना घेऊन परत खुल्या गोटात आले, पण तोवर त्यांच्या प्रती काढून ओपनसर्च आणि व्हॅल्की हे वेगळे संसार थाटले गेले होते. उल्हासनगरात बसून कुणी उद्या अशी सेवा सुरू केली तर परवान्याचा कागद एकदा वकिलाला दाखवावा. तो कायम सारखा राहील असं धरून चालू नये.

सरकारकडून काय झालं, याचं उत्तर कागदावर चांगलं आहे. केंद्राचं ओपन सोर्स धोरण 2015 चं. महाराष्ट्राने 2018 मध्ये सरकारी खात्यांनी क्लाउडवर जावं असं धोरण आणलं. दोन्हीत गैर काही नाही. पण आपली निविदा ‘बसवून देणे’ या कामाची निघते, सांभाळण्याचं काम शेवटच्या कलमात तीन वर्षांच्या एएमसीवर उरकतं. केरळने उलटं केलं. 2001-02 च्या सुमारास सुरू झालेल्या आयटी@स्कूलने शाळांत लिनक्स आणलं, आणि त्याबरोबर शिक्षकांनाच प्रशिक्षक करून जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवलं. 2002 पासून चालू असलेल्या ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’च्या स्वयंसेवकांनी फॉन्ट आणि भाषांतर सांभाळलं. मलयाळमची लिपी आपल्यापेक्षा सोपी नाही. शाळेत अडलेल्या शिक्षकाला विचारायला जवळ एक माणूस होता, एवढाच फरक.

हल्ली सगळ्या प्रश्नांवर एआय हे एकच औषध सांगितलं जातं, म्हणून त्याचीही दखल घेऊ. परदेशी खुली मॉडेलं इथल्या सर्व्हरवर बसवता येतात, आणि पुण्याच्या एल-थ्री-क्यूबसारख्या गटांनी मराठी विदा आणि महाबर्टसारखी मराठी मॉडेलं खुली करून दिली आहेत. पण मोठ्या मॉडेलांची गाडी मराठीवर हळू चालते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात युनिकोडची दहा चिन्हं आहेत आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात. लामा 2 या मॉडेलच्या 32 हजार तुकड्यांच्या कोशात देवनागरीला अगदी थोडी जागा होती, त्यामुळे मराठी वाक्य जवळजवळ अक्षरागणिक फोडलं जायचं. तेवढाच मजकूर, पण वेळ आणि खर्च इंग्रजीच्या कितीतरी पट. नव्या मॉडेलांत हे सुधारलंय. तरी ग्राफिक कार्डाचं भाडं बघितलं की तालुक्याच्या पातळीवरच्या कुणालाही आज ते परवडेल असं दिसत नाही. उच्चारलेलं मराठी लिहून घेणारं व्हिस्पर 2022 पासून खुलं आहे. मराठी त्याला येतं, पण कच्चं.

राहता राहिला पैशाचा हिशेब. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं सरकारी अनुदान काही हजारांत मोजलं जातं, त्यात संगणकाचा माणूस बसत नाही. शाळेचंही तेच. पण कोहात एकाच सर्व्हरवर अनेक शाखा ठेवता येतात, प्रत्येकीची पुस्तकं आणि सभासद वेगळे. मूडलमध्ये शाळांची तशी विभागणी करता येते. कल्याण-अंबरनाथ तालुक्यांतल्या दहा-बारा वाचनालयांनी मिळून रबाळ्यात एक सर्व्हर घेतला आणि वर्गणी काढून एक मुलगी किंवा मुलगा पगारावर ठेवला, तर खर्च प्रत्येकाच्या वर्तमानपत्रांच्या बिलाच्या आसपास येईल. यादीचं युनिकोड करणं, सूची पुन्हा बांधणं, बॅकअप पाहणं आणि फोन उचलणं, एवढं काम एका माणसाला पुरून उरेल. मात्सुएची कंपनी यापेक्षा वेगळं काही करत नाही. इथली अडचण अशी की त्यासाठी दहा-बारा कार्यकारिणींनी एकाच बँक खात्याला संमती द्यावी लागते, आणि सह्या कुणाच्या असाव्यात यावरच पहिल्या दोन बैठका जातात.